चष्म्यातल्या खिडक्या

दुपारची जेवणं आटोपल्यावर टेबलावर दोन चष्मे शेजारी शेजारी पडले होते. जुन्यात छताचा पंखा गरागरा फिरत होता, ट्यूबलाइट होती, गॅलरीचं दार होतं, दारावर वाळत टाकलेला टॉवेलसुद्धा होता. नव्यात काहीच नव्हतं. हातात घेऊन तिरका केला तर एक हिरवट झाक आली आणि गेली. दुकानातला मुलगा ज्याला ‘एआरसी’ म्हणतो आणि घरोघरी ज्याला ‘अँटिग्लेअर’ म्हणतात ते हे, काचेवरची चकाकी घालवणारं पातळ कोटिंग. फ्रेम कितीही स्वस्तातली निवडा, बिल फुगतं ते याच्यामुळे.

चष्मा चांगला आहे, त्याबद्दल तक्रार नाही. साध्या प्लॅस्टिकच्या काचेवर पडलेल्या उजेडातला सुमारे ८ टक्के उजेड तिच्या दोन बाजूंवरून परत जातो. नंबर मोठा म्हणून पातळ काच घ्यावी, १.६७ वगैरे (काच उजेड किती वाकवते त्याचं हे माप), तर ती आणखी लकाकते आणि परत जाणारा उजेड १२ टक्क्यांपर्यंत पोचतो. म्हणजे ज्यांचे डोळे जास्त अधू, त्यांनाच जास्त कात्री. कोटिंगनं ही गळती टक्का-दीड टक्क्यावर येते. शिवाय पाठीमागचा उजेड काचेच्या आतल्या बाजूवर आपटून डोळ्यांत येतो, मधूनच आपल्याच गालाचा तुकडा दिसतो, तो उपद्रव संपतो.

मला मात्र तो उपद्रव प्रिय होता. डाव्या काचेच्या कडेला मागचं जग दिसायचं. पोळ्या लाटता लाटता मागे फ्रिज कोण उघडतंय, बरणीत हात कोणाचा जातोय, हे मान न वळवता कळायचं. “ठेव ती वडी,” असं मी ओट्याकडे तोंड करूनच म्हणायची आणि मुलं हबकून जायची. नव्या चष्म्यानं माझी ही सिद्धी काढून घेतली. आता वड्या संपलेल्याच कळतात.

आमच्या शाळेतल्या गणिताच्या बाईंची सिद्धी याहून मोठी होती. वर्गाला एका बाजूनं उंच खिडक्या. बाई फळ्याकडे पाठ करून जरा तिरक्या उभ्या राहिल्या की त्यांच्या दोन्ही काचांत खिडक्या उमटायच्या, गजांसकट. डोळे दिसायचेच नाहीत. त्या कोणाकडे बघताहेत याचा पत्ता लागायचा नाही, त्यामुळे प्रत्येकीला वाटायचं, आपल्याचकडे. “काय गं, हसायला काय झालं?” असा प्रश्न नुसता हवेत सोडला की तीन बाकं एकदम गप्प. कोणी डबा मिटायची, कोणी चिठ्ठी गिळायची. (गिळायची, खरंच. मी शेजारी बसायची.)

जुलै-ऑगस्टमध्ये आभाळ भरून आलं की त्या खिडक्या विझायच्या. मग काचांमागून बाईंचे डोळे दिसायचे. बारीक, थकलेले, आणि आमच्यापेक्षा काही फार धीट नसलेले. त्या दिवसांत आमच्या वर्गात जो दंगा चालायचा तो पावसामुळे, असं मुख्याध्यापिकांना वाटायचं. बाईंना कोणी कोटिंगची काच दिली असती तर वर्षभर पावसाळाच झाला असता.

तर दुकानात सांगतात ते फायदे निम्मेच. कोटिंग चष्मा घालणाऱ्यासाठी असतं त्याहून जास्त समोरच्यासाठी असतं. जुने लग्नाचे अल्बम काढून बघा. एखाद्या तरी काकांच्या डोळ्यांच्या जागी फ्लॅशचे दोन पांढरे ठिपके आहेत आणि त्यांना जेवण आवडलं होतं की नाही, हे आता कायमचं गुलदस्त्यात. स्टुडिओतले फोटोग्राफर तेव्हा “हनुवटी खाली” म्हणून झालं की हळूच चष्म्याच्या काड्या कानांवरून जराशा वर उचलायचे. काच खाली कलायची, चकाकी जमिनीकडे जायची. आता मीटिंगही पडद्यावर असते. साध्या काचेत समोरच्याला आपला अख्खा स्क्रीन दिसतो आणि आपण आकडेवारी ऐकतोय की साड्या बघतोय ते उघड होतं.

गंमत म्हणजे ही सगळी स्वच्छता मुळात मळातून आली. हॅरॉल्ड डेनिस टेलर नावाच्या इंग्रज भिंगकाराला दिसलं की काळानं डागाळलेली जुनी भिंगं नव्या कोऱ्या भिंगांपेक्षा जास्त उजेड आत सोडतात. त्यानं भिंगं मुद्दाम रसायनांनी डागाळायची पद्धत काढली आणि १९०४ मध्ये तिचं पेटंट घेतलं. १९३५ मध्ये झाइस या भिंगं बनवणाऱ्या जर्मन कंपनीत अलेक्झांडर स्माकुला यांनी निर्वातात भिंगावर पातळ थर चढवला. ते तंत्र जर्मन लष्करानं गुपित ठेवलं, कारण दुर्बिणींना त्याचा उपयोग होता. मला आवडते ती मात्र अमेरिकेतली शास्त्रज्ञ कॅथरीन ब्लॉजेट. पाण्यावर पसरलेल्या, एका रेणूइतक्या जाडीच्या साबणी थरात ती काच पुन्हा पुन्हा बुडवायची. असे ४४ थर बसले की काचेवरची चकाकी नाहीशी. हे १९३८ सालचं. थराच्या वरच्या आणि खालच्या बाजूवरून परतणाऱ्या लाटा एकमेकींच्या उलट्या पडतात, आणि झोपाळ्याला चुकीच्या वेळी धक्का दिल्यावर तो जागीच थबकतो तसं त्यांचं होतं. उजेड मग परत न येता पलीकडे जातो. सगळे रंग काही सारखे जिरत नाहीत, उरतो त्याची ती हिरवी झाक. ब्लॉजेटबाईंच्या थरात खोट एकच होती, तो बोटानं पुसला जायचा.

आजचा थर टणक असतो, पण नखरे आहेतच. बोटाचा ठसा त्यावर साध्या काचेपेक्षा जास्त उठून दिसतो. उन्हात गाडीच्या डॅशबोर्डवर चष्मा विसरलात तर काच फुगते, थर तेवढा फुगत नाही, आणि बारीक तडे जातात. रात्री गाडी चालवताना फायदा होतो म्हणतात तो दिव्यांच्या भुतांपुरता, म्हणजे काचेत उमटणाऱ्या दुसऱ्या प्रतिमांपुरता. घाटात समोरून हाय बीम टाकून येणारा ट्रक तितकाच झगझगीत दिसतो. त्याला कोटिंग ड्रायव्हरच्या डोक्यावर हवं.

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर आत्याचा नवा नंबर आला, तेव्हा मी हे सगळं तिला दुकानात ऐकवलं, ब्लॉजेटबाईंसकट. तिनं ऐकून घेतलं. पदरानं जुना चष्मा पुसला. मग काउंटरवरच्या मुलाला म्हणाली, “मला साधीच काच दे, बाळा. मला दिसल्याशी कारण. माझे डोळे बघायला आता कोण येतंय?”

मुलगा कॅल्क्युलेटरकडे बघत राहिला. मी म्हटलं, “आत्या, पैसे मी देते, घे ना.” तर म्हणे, “द्यायचेच असतील तर गळ्यात अडकवायची दोरी घेऊन दे. तुझं ते कोटिंग हरवलेला चष्मा शोधून देतं का?”

दोरी घेतली. मरून रंगाची, चाळीस रुपयांना.