तुम्ही विचारलं म्हणून: क्यूएमएल कुठून सुरू करू?

आठवड्यातून एकदा तरी कोणी ना कोणी विचारतेच. "दादा, क्यूएमएल कुठून सुरू करू? आधी सी प्लस प्लस यावं लागते का?" पुसद, दारव्ह्याचे पोट्टे, अमरावतीच्या एकदोन पोरी, परवा तर एक पन्नाशीचे काका, त्यांना मोटारपंपाच्या पॅनलवर टचस्क्रीन लावायचाय. मी दोन ओळीत उत्तर देतो आणि मग कानावर येते की दादा आखडू झाला, येते पण सांगत नाही. म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

क्यूएमएल म्हणजे स्क्रीनवरची बटणं, चौकोन, आकडे मांडायची प्रोग्रामिंगची भाषा. सी प्लस प्लस ही दुसरी, कठीण भाषा, ती लागत नाही, सुरू करायला तरी नाही. क्यूएमएल ज्या सॉफ्टवेअरसोबत येते त्या क्यूटीचा इन्स्टॉलर आधी अकाउंट मागते, मग जीबीच्या जीबी डाउनलोड, मला मोबाईलच्या हॉटस्पॉटवर तीन रात्री लागल्या, मधे लाईन गेली ते वेगळंच. मग एका फाईलमधे इम्पोर्ट क्यूटीक्विक, खाली रेक्टँगल, विड्थ २००, हाइट २००, कलर रेड. झाला लाल चौकोन. त्याच्या आत दुसरा टाकला आणि विड्थ-हाइट विसरले तर तो दिसणार नाही आणि एररही येणार नाही, कारण न सांगितलेला आकार म्हणजे शून्य. जुन्या व्हिडिओत इम्पोर्टच्या पुढं २.१५ असा आकडा दिसला तर घाबरू नका, क्यूटी ६ पासून तो दिला नाही तरी चालते.

हे सगळं एका संध्याकाळचं काम आहे. मीच सांगत फिरायचो तसं, "अरे एका संध्याकाळी येते." आता नाही सांगत, आणि खरं उत्तर तिथंच आहे.

२०२३-२४ चा हंगाम. आमच्याकडच्या एका जिनिंगमधे काट्याचं सॉफ्टवेअर मी केलं होतं. भरलेली गाडी काट्यावर चढते, वजन सिरियल केबलनं कंप्युटरमधे येते, कापूस खाली करून रिकामी गाडी परत चढते, भरलेल्यातून रिकामं वजा, ते निव्वळ, की पावती. क्यूएमएलमधे ही एक ओळ आहे. निव्वळ, कोलन (:), भरलेलं वजा रिकामं. कोलन लिहिला की ते नुसतं गणित राहत नाही, नातं होते. याला बाइंडिंग म्हणतात. वरचं कोणतंही वजन बदललं की निव्वळ आपोआप बदलते, तुम्ही काही करायचं नाही. मला याचं इतकं कौतुक होतं की सेठला दोनदा दाखवलं.

मग काट्यावरचा पोरगा म्हणाला, ओल्या कापसाची कटती (वजनातली कपात) पावतीवर पाहिजे, एक बटण दे ना भाऊ. दिलं. बटणात लिहिलं, निव्वळ = निव्वळ वजा कटती. रात्री घरी एकदा दाबून पाह्यलं, बरोबर आलं, लॅपटॉप बंद केला.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास पोरानं पहिल्यांदा ते बटण दाबलं. ट्रॅक्टर-ट्रॉली होती, कटती जाऊन निव्वळ १,९८५ किलो. त्या क्षणी ते नातं तुटलं. बरोबरच्या (=) चिन्हानं किंमत टाकली की क्यूएमएल कोलनवालं बाइंडिंग काढून फेकते, कायमचं, न बोलता. प्रोग्राम बंद करून परत सुरू केला की मात्र ते परत येते, म्हणून तर माझ्या लॅपटॉपवर कधी सापडलं नाही. त्यानंतरच्या सहा गाड्यांना भरलेलं वजन खरं, रिकामं वजन खरं आणि निव्वळ १,९८५. सहाही पावत्यांवर.

पकडलं एका म्हाताऱ्या बाबांनी. पावती घेतली, काट्याच्या खोलीच्या पायरीवर बसले, चष्मा नव्हता म्हणून कागद हातभर लांब धरला, आणि पोराकडून पेन मागून मागच्या कोऱ्या बाजूवर मांडलं. ६,१८०. खाली ३,७४०. रेघ. २,४४०. मग आत आले आणि मला म्हणाले (मी नेमका तिथंच होतो, चहा पीत), "काऊन बे पोट्ट्या, माहा साडेचार क्विंटल कापूस तुह्या टीव्हीनं खाल्ला काय?"

४५५ किलो. त्या वर्षी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,०२० रुपये होता, त्यानं धरलं तर ३२ हजाराच्या आसपास. तिन्ही आकडे एकाच पावतीवर छापलेले होते, एकाखाली एक. सहा गाड्या गेल्या आणि वजाबाकी कोणी केली नाही. मीही नाही.

भरलेलं-रिकामं सेव्ह होतं म्हणून हिशोब लागला. चौघांचं कमी आलं होतं, त्यांना फोन करून बोलावलं. दोघांना जास्त गेलं होतं, त्यातला एक आला, दुसरा नाही आला, ते सेठनं माझ्या पैशातून कापलं. बरोबरच केलं. म्हणजे तेव्हा नाही वाटलं बरोबर, तेव्हा मी म्हणत होतो की चूक भाषेची आहे, इतकी मोठी गोष्ट तोडते तर निदान एक ओळ तरी दाखवावी ना. दाखवते, पण सांगावं लागते: बाइंडिंग रिमूव्हलचा लॉग (नातं तुटल्याची नोंद) म्हणून आहे, क्यूटी ५.१० पासून, आणि तो आपसूक बंद असते. माहितीपत्रकातही स्पष्ट लिहून आहे, नातं परत पाहिजे तर क्यूटी डॉट बाइंडिंग वापरा. ते पान मी वाचलं होतं. वाचलं होतं म्हणजे खाली ढकललं होतं.

आता तुम्ही म्हणाल, मग पहिल्याच दिवशी कोलन आणि बरोबर यातला फरक शिकवा, विषय संपला. करून पाह्यलं. पोरं हो म्हणतात आणि लाल चौकोन गोल कसा करायचा ते विचारतात. मीही हेच केलं असतं. आणि मला कोणी आधी सांगितलं असतं तर मी ऐकलं असतं का, देव जाणे, नसतंच ऐकलं बहुतेक. आणि घाबरवून सोडलं तर पोरगं लॅपटॉपच मिटून टाकते, तेही पाह्यलंय.

मागच्या हप्त्यात दारव्ह्याच्या एकानं त्याची पहिली स्क्रीन पाठवली. दुधाच्या डेअरीची, लिटर गुणिले भाव, एकूण. छान केली होती. खाली 'दुरुस्त करा' म्हणून बटण, आणि त्याच्या आत एकूण, बरोबरचं चिन्ह, आणि पुढं आकडा.

मस्त झाली म्हणून अंगठा पाठवला. बाकीचं अजून लिहिलेलं नाही.