तुम्ही विचारलेत म्हणून: प्रोजेक्ट मॅनेजर नेमके करतो तरी काय?

बांधकामावर प्रोजेक्ट मॅनेजर आहे असे सांगितले की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "म्हणजे तारखा ठरवायच्या आणि लोकांच्या मागे लागायचे, एवढेच ना?" प्रश्नात खोच असली तरी तो अगदीच अनाठायी नाही, कारण माझा बराचसा दिवस याच दोन गोष्टींत जातो. गैरसमज आहे तो तारीख येते कुठून, याबद्दल.

तारीख साहेब ठरवतात आणि ती हुकू लागली की माणसे वाढवायची, अशी सर्वसाधारण समजूत दिसते. सेंट्रिंगला, म्हणजे काँक्रीटचा साचा उभारायला, सुतार वाढवता येतात, सळई बांधायला फिटर वाढवता येतात. परंतु एकदा काँक्रीट ओतले की त्याला आपली घाई कळत नाही. काँक्रीटकामाच्या भारतीय मानक ४५६ प्रमाणे, साधे सिमेंट वापरलेल्या स्लॅबचा गाळा (दोन आधारांमधले अंतर) साडेचार मीटरपर्यंत असेल तर खालचे टेके निदान ७ दिवस आणि त्याहून मोठा असेल तर १४ दिवस ठेवावे लागतात. सहा मीटरहून लांब बीमखाली तर २१ दिवस. तोवर त्या टेक्यांच्या दाटीत शंभर गवंडी आणून उभे केले, तरी त्यांना थापी चालवायला जागा नसते. म्हणून कोणते काम अडले तर बाकी सारे अडेल, हे मी आधी शोधतो आणि तारीख तिथून मोजत येतो. रंगकाम चार दिवस मागे पडले तर बहुधा काही बिघडत नाही, मालक मात्र नेमके त्यावरच ओरडतात!

मुदत हुकली म्हणजे नियोजन फसले, हेही मला सरसकट मान्य नाही. ई. श्रीधरन यांच्या नेतृत्वाखाली १९९० मध्ये सुरू झालेली कोकण रेल्वे पाच वर्षांत व्हायची होती; पूर्ण मार्ग जानेवारी १९९८ मध्ये खुला झाला. रत्नागिरीजवळचा ६४ मीटर उंच पानवल पूल किंवा करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा पाहून विलंब तिथे झाला असेल असे वाटते. खरी अडचण पेडण्यासारख्या मऊ मातीतल्या बोगद्यांनी केली. खडकाला सुरुंग लावून रोज किती पुढे सरकता येईल याचा हिशेब मांडता येतो. पाण्याने चिंब झालेल्या मातीत तो जमत नाही, कारण खणलेला भाग पुन्हा ढासळतो. गोव्यात मार्गाच्या आखणीवरून झालेल्या आंदोलनामुळेही काम थांबले होते. तरीही मंगळूर ते उडुपी आणि रोहा ते वीर हे दोन्ही टोकांचे टप्पे १९९३ मध्येच वाहतुकीला खुले झाले होते. अडलेल्या कामापायी तयार काम पडून राहू दिले नाही, हे मला त्यातले उत्तम नियोजन वाटते.

राहता राहिले मागे लागणे. मी ज्यांच्या मागे लागतो, ते बरेचदा साइटवर नसतातच. उंच इमारत रंगासकट उभी राहिली तरी अग्निशमन दलाच्या अंतिम दाखल्याशिवाय भोगवटा प्रमाणपत्र मिळत नाही आणि ते नसेल तर ताबा देता येत नाही. त्यामुळे आगीच्या पंपांची ऑर्डर मी स्लॅब चालू असतानाच देतो आणि पंपवाल्याला फोनही तेव्हापासूनच सुरू करतो.