रिपोर्टवर स्टार नव्हता

क्रिएटिनिन, म्हणजे किडनीनं गाळून बाहेर टाकायचा रक्तातला कचरा, ३.१ आलं तेव्हा मी आधी कंट्रोल, म्हणजे आकडा आधीच माहीत असलेला नमुना, लावला. आमच्या ग्रामीण रुग्णालयाच्या लॅबमध्ये मे महिन्यात लाइट गेली की खोलीची भट्टी होते आणि क्रिएटिनिन मोजायच्या पिक्रिक अ‍ॅसिडच्या पद्धतीला तापमानाचे फार लाड लागतात. कंट्रोल बरोबर निघाला. तोच नमुना पुन्हा लावला, तरी ३.१.

मावशी सत्तावन्न वर्षांच्या, खारपाणपट्ट्यातल्या, म्हणजे विदर्भातल्या खाऱ्या पाण्याच्या भागातल्या. भर उन्हात धसकटं वेचायला जात होत्या, त्यात चार दिवस हगवण. पायाला सूज होती म्हणून मुलगा घेऊन आला.

नाव ओळखीचं वाटलं म्हणून जुनी रजिस्टरं काढली. दोन वर्षांपूर्वी १.२, गेल्या वर्षी १.७. किटच्या कागदावर बायकांसाठी १.२ पर्यंत नॉर्मल छापलेलं असतं, त्यामुळे पहिल्या रिपोर्टवर नॉर्मलबाहेरच्या आकड्याला पडतो तो स्टारच पडला नव्हता. दुसऱ्यावर पडला, पण तो दाखवला कुणाला, तर कंबरदुखीच्या डॉक्टरला. क्रिएटिनिन तयार होतं स्नायूंत. अंगावर मांस नसलेल्या मजूर बाईचं १.२ आणि धडधाकट तरुण गड्याचं १.२, यात जमीन-अस्मानाचा फरक. आमच्या डॉक्टर मॅडमनी मोबाइलवर वय टाकून ईजीएफआर, म्हणजे किडनी मिनिटाला किती गाळते याचा अंदाज, काढला: ५३, ३५, १७. वर्षाला पाचाहून जास्त घसरण झाली तरी ती वेगाची समजतात. इथे अठरा-अठरा.

मग मॅडम म्हणाल्या, लघवीतलं अल्ब्युमिन पाहा, म्हणजे किडनीतून गळणारं प्रथिन. ते तपासायच्या स्ट्रिप्स संपलेल्या. मागणीचा इंडेंट कधीचा वर गेलाय, वरून येतं ते फक्त 'लवकरच'. मी स्पिरिटचा दिवा पेटवला. परीक्षानळी तीन चतुर्थांश भरायची, खालून धरायची आणि फक्त वरचा भाग तापवायचा, म्हणजे खालची स्वच्छ लघवी तुलनेला राहते. वर गढूळ झालं की अ‍ॅसिटिक अ‍ॅसिडचे दोन-तीन थेंब. फॉस्फेट असेल तर विरघळून जातं, प्रथिनं असतील तर राहतं. हल्लीच्या पोरांना ही टेस्ट फक्त परीक्षेपुरती येते. मावशींच्या नळीत अंड्याच्या पांढऱ्यासारखे जाड गठ्ठे झाले. किडनी पुढे किती भराभर जाणार याचा अंदाज क्रिएटिनिनपेक्षा हे गठ्ठे आधी देतात, आणि दोन वर्षांत ही तपासणी कुणी लिहूनच दिली नव्हती. मी सांगून तरी काय होतं? लॅबवाल्यानं आकडा द्यायचा, मत द्यायचं नाही, असा आमच्याकडे दंडक.

मुलगा म्हणाला, "पाण्यानंच झालं ना भाऊ? आमच्या गावात लय जणायले हाये."

पाणी खारं आहे, यात वाद नाही. तेवढ्यात मॅडमनी गोळ्या मागितल्या आणि मावशींनी कमरेची पिशवी सोडली. दुखण्याच्या गोळ्या: डायक्लोफेनॅकची अर्धी पट्टी, एसिक्लोफेनॅकची एक, नाव फाटलेली एक. बीपीची पट्टी जवळजवळ भरलेली. बीपी बरं निघालं म्हणून बंद केली होती. आता १७६/१०४.

"कंबर धरली का काय करू, साहेब? वावरात नाही गेलं तं मजुरी कोन देईन?"

पाण्याचं विचारलं तर हसल्या. "पेलं का मंग आडोसा पाहा लागते. अन् आमचं पानी तं तोंडाले लागतच नाही."

हे मला अजून सुटत नाही. बीपी मोकाट सुटलेलं, प्रथिनं गळतायत, त्यात शरीर कोरडं असताना दुखण्याची गोळी, जी किडनीचा रक्तपुरवठा आणखी आवळते. पाण्यानं किडनी गेली असं मी म्हणणार नाही, पण खारं म्हणून बाई पाणीच कमी पिते, हे कोणत्या रकान्यात लिहायचं? भाषणात पाणी सोयीचं असतं. गोळ्यांच्या पट्टीवर भाषण कुणी करत नाही, कारण ती प्रत्येकाच्या घरात असते.

सलाइन लागलं, दुखण्याच्या गोळ्या बंद झाल्या, बीपीची सुरू झाली. महिन्याभरानं क्रिएटिनिन २.४, म्हणजे ईजीएफआर २३. थोडं त्या हगवणीचं आणि उन्हाचं होतं, ते परत मिळालं. उरलेलं मिळणार नाही. मॅडमनी किडनीच्या डॉक्टरांकडे चिठ्ठी दिली आहे. तिकडचं एसटीचं भाडं आणि बुडालेला रोज यांचा हिशोब मुलगा माझ्यासमोरच करत होता.

मी आता रिपोर्टवर हातानं ईजीएफआर लिहून देतो. ते फॉरमॅटमध्ये नाही, अशी वरून हरकत आली आहे. मॅडमनी खाली सही केली म्हणून तूर्त चालतंय.

मावशींनी परवा विचारलं, कंबरेसाठी मग घेऊ काय? पॅरासिटामॉलनं त्यांचं भागत नाही, आणि आता निंदण सुरू झालंय. गावच्या किराणा दुकानात ती जुनीच गोळी सुटी मिळते.