भिंत, खिडकी, आढं

वारीला पहिल्यांदा निघणाऱ्यानं काय काय घ्यावं, हे आमच्या दिंडीच्या विणेकरी बुवांनी मला फोनवर सांगितलं होतं. दोन जोड कपडे, पंचा, मेणकापड, ताट-तांब्या, खोबरेल तेल, रोजच्या गोळ्या, सुई-दोरा. बोजा ट्रकात जातो, खांद्यावर फक्त पडशी. सुई-दोरा बटणं लावायला असेल असं मला वाटलं. दिवे घाट चढून सासवडला पोचलो आणि टाचेला लिंबाएवढा फोड आला, तेव्हा परभणीकडच्या एका मावशींनी माझा पाय सरळ स्वतःच्या मांडीवर घेतला, फोडातून सुई आरपार काढली आणि दोरा आत तसाच ठेवला. "राहू द्या माऊली, पाणी झिरपून जाईल." मी पाय मागे घेत होतो. त्यांनी मनगटानं दाबून धरला. ती पकड माझ्या ओळखीची होती.

पडशीत मी एक जास्तीची वस्तू टाकली होती. पुठ्ठ्याची दोनशे पानी वही. आत्याची.

२९ जून २०२४ ला आळंदीहून माऊलींच्या पालखीचं प्रस्थान झालं. आत्याला जाऊन तेव्हा सहा महिने होत होते. तरडगावच्या घरातल्या कपाटात, वडिलांच्या औषधांच्या रिकाम्या खोक्याखाली ही वही मला सापडली होती. पानापानावर तारीख, वेळ आणि पुढं एकच शब्द. रात्री १० भिंत. १२ खिडकी. २ आढं. ४ भिंत. माझ्या बायकोला वाटलं, घराच्या रंगकामाचा हिशेब आहे.

अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते. नाहीतर माकडहाडावर, खुब्यावर, टाचेवर कातडी आधी लाल होते, मग काळवंडते, मग फाटते, आणि एकदा का ती जखम हाडापर्यंत गेली की भरून येता येत नाही. डाव्या कुशीवर वडिलांचं तोंड भिंतीकडं, उजव्या कुशीवर खिडकीकडं, उताणं ठेवलं की नजर आढ्याला. आत्यानं डावं-उजवं लिहिलंच नाही. माणसाला काय दिसतंय ते लिहिलं.

वडिलांना पार्किन्सन होता. २०१८ पासून ते पूर्ण अंथरुणावर, नोव्हेंबर २०२१ ला गेले. त्याआधी २००३ ते २००९ आजी, अर्धांगवायूनं. दोघांचंही केलं ते आत्यानं. एकतिसाव्या वर्षी कपाळ पांढरं घेऊन ती माहेरी आली आणि मग या घरात कायम कुणीतरी आडवं असायचं. आई तर आजीनंतर दोन वर्षांत गेली. मी पुण्यात, धाकटा भाऊ ठाण्यात. आम्ही पैसे पाठवायचो. हवेची गादी मीच आणली होती, तिचा पंप रात्रभर घुरघुरायचा. डायपरचे गठ्ठे भाऊ आणायचा. एवढ्यावर आम्ही दोघं चार लोकांत "आम्ही आळीपाळीनं करतो" असं सांगत असू. दहाव्याला मी स्वतः हे वाक्य बोललोय, पाव्हण्यांसमोर, मान खाली घालून.

आणि आत्याबद्दल काय बोलायचो? त्याग. हा शब्द आमच्या घरात फार सढळ हातानं वापरला गेला. आता वाटतं, तो शब्द तिच्यासाठी नव्हताच, आमच्यासाठी होता. एखादीचा त्याग म्हटला की तिच्याबरोबर पाळी लावायची गरज उरत नाही. शिवाय तो शब्द तिला पुरतही नाही. तिचं ते कसब होतं. नाकातल्या नळीतून नाचणीची पेज घालायची तर ती तलम फडक्यातून दोनदा गाळायची, माणसाला आधी पाठीशी उशा लावून बसतं करायचं, सिरिंज उंच धरून पेज आपल्या वजनानं उतरू द्यायची, दट्ट्या मारायचा नाही, आणि नंतर अर्धा तास आडवं करायचं नाही. मी एकदा घाईनं दट्ट्या दाबला तर तिनं माझ्या हातातून सिरिंज काढून घेतली. "मोटार धुतूयास व्हय रं?"

गावात सप्त्याला आलेले एक कीर्तनकार घरी चहाला आले होते. आजीची खाट बघून ते म्हणाले, "ताई, तुम्ही साक्षात पुंडलिक." आत्यानं कपबशी पुढं सरकवली आणि म्हणाली, "महाराज, पुंडलिकाकडं देव आपल्या पायानं आला आणि विटेवर थांबला. माझ्याकडं गॅसवालासुदीक वेळंवर येत न्हाई." महाराज हसले, पण त्यांना ते फारसं रुचलं नव्हतं.

वारीत मी काय शोधत होतो कुणास ठाऊक. पहिले चार दिवस तर फक्त पाय होते. पहाटे तीनला टँकरच्या नळाखाली अंघोळ, तंबू आवरून ट्रकात, अंधारात चालायला सुरुवात. पुढं पताका, मग टाळकरी, मध्ये पखवाज, तुळशी घेतलेल्या बाया, आणि मागं वीणा. टाळ मला जमेना. मी चुकीच्या मात्रेवर वाजवतो हे शेजारच्याच्या चेहऱ्यावर दिसायचं, तो बोलायचा मात्र नाही. जेजुरीत अंगावर भंडारा पडला, तो वाल्ह्यापर्यंत घामाबरोबर ओघळत राहिला.

माझं लक्ष गेलं ते वीणेकडं. वीणा जमिनीवर ठेवत नाहीत. विणेकरी बुवांना तंबाखू मळायची असो की चहा घ्यायचा असो, आधी दुसऱ्या कुणीतरी पुढं यायचं, दोघं एकमेकांच्या पाया पडायचे आणि वीणा एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जायची. मध्ये कुठं खाट नाही, सतरंजी नाही. लहानपणी आमच्या गावच्या सप्त्यातही हेच पाहिलेलं. सात दिवस, सात रात्री वीणा उभी, देवळाच्या फळ्यावर पहाऱ्याची यादी, दोन-दोन तासांचा पहारा. रात्री दोन ते चार कुणाचा, चार ते सहा कुणाचा, नावानिशी. कुणी झोपून राहिला तर त्याच्या दारावर काठी वाजायची.

दोन-दोन तास. हे मला नीरेच्या पुलावर सुचलं. दत्तघाटावर पादुकांना नीरास्नान चाललं होतं, गर्दी थोपून होती, मला हलायला जागा नव्हती. बारा, दोन, चार. वही आणि फळा एकच. आमच्या घरातल्या यादीत फक्त नाव एकच होतं, आणि कुणाच्या दारावर काठी वाजली नाही.

नदी ओलांडली की सातारा जिल्हा. लोणंद, आणि लोणंद सोडलं की तरडगावच्या वाटेवर चांदोबाचा लिंब, पहिलं उभं रिंगण. ही माझी स्वतःची भूमी. दिंड्या दुतर्फा उभ्या राहतात आणि मधल्या मोकळ्या वाटेनं घोडे दौडत जातात, एकावर स्वार, दुसरा माऊलींचा, मोकळ्या पाठीचा. आत्यानं हे रिंगण आयुष्यात एकदाच पाहिलं. आजी अंथरुणावर असतानाची गोष्ट, २००५ किंवा २००६. तिनं आजीला खिडकीकडं वळवलं, घड्याळात बघितलं आणि मला म्हणाली, "चल, दोन तास हायेत." माझी एम-एटी वाटेतल्या एका वस्तीवर लावली आणि आम्ही उसाच्या सरीतून चालत गेलो, रस्त्यावर तर मुंगीला वाट नव्हती. बांधावर उभं राहून तिनं घोडा बघितला. बाकीचे टापांखालची माती उचलायला धावले. तीही वाकली, चिमूट कपाळाला लावली, आणि हात जोडायच्या आधी मनगट वळवून वेळ बघितली. परत येताना ती पुढं आणि मी मागं. पोचायला दहा मिनिटं उशीर झाला. आजीला बोलता येत नव्हतं. आत्यानं तिला भिंतीकडं वळवलं, पाठ चोळली, आणि बराच वेळ तिच्या कानाशी उशिराबद्दल काहीतरी समजावत बसली. कपाळावरची माती तशीच होती.

या वारीत मी दिंडीत उभा होतो आणि तो बांध शोधत होतो. सापडला नाही. ऊस जाऊन तिथं काहीतरी दुसरंच लावलं होतं.

आत्याची वारी दारात व्हायची. पालखी तरडगावी मुक्कामाला, त्यामुळं त्या एका संध्याकाळी आमच्या ओसरीवर पंचवीस-तीस माणसं. पिठलं, भाकरी, ठेचा. बायांना मागच्या न्हाणीत कढत पाणी. शिवाय तिची एक खासियत होती. पाय दाबायला ती बसली की माणूस कुठल्या पायानं चालताना लंगडतो ते न विचारता ओळखायची. २०२० ला आणि २०२१ ला हे काही झालं नाही. करोनामुळं पायी वारी नव्हती, पादुका एसटीनं पंढरपूरला गेल्या. फोनवर मला वाटलं ती खिन्न असेल. "माऊलीला सुदीक बसनं जावं लागलं बघ," ती म्हणाली, "आता मी चालत गेली न्हाई म्हून मला कोण नाव ठिवंल?"

२०२२ ला वारी पुन्हा पायी सुरू झाली. वडील आता नव्हते. मी तिला म्हणालो, चल, दोघं जाऊ, मी रजा काढतो. तिनं गुडघ्यांवर हात ठेवला. साठ-पासष्ट किलोचं माणूस दिवसातून बारा वेळा वळवायचं तर त्याची किंमत मणक्यानं आणि गुडघ्यानं मोजलेली असते. ते आम्ही हिशेबात कधी धरलंच नाही. त्यानंतर दीड वर्षानं, पौषात, ती तीन दिवसांच्या तापात गेली, असं सगळे म्हणतात. मी पोचलो तेव्हा सगळं संपलं होतं. तिची कूस बदलायची वेळ तिनं कुणावर येऊ दिली नाही.

या वारीच्या मुक्कामात मी आमच्याच ओसरीवर पाव्हणा होतो. दिंडी आली, चुलत वहिनींनी पिठलं-भाकरी केली, सगळं यथासांग झालं. पाय दाबायला मात्र कुणी बसलं नाही. मग मी बसलो. एका आजोबांनी थोडा वेळ सोसलं आणि म्हणाले, "माऊली, राहू द्या. तुम्ही दमला असाल." इतक्या सभ्यपणे मला आजवर कुणी नापास केलं नव्हतं.

फलटण, बरड, नातेपुते, माळशिरस, वेळापूर. फोडाचा दोरा कधी पडला कळलं नाही. संध्याकाळी समाज आरतीला चोपदारांनी चोप उंच केला की लाखभर माणूस एका क्षणात गप्प होतो, आणि ज्या दिंडीची काही तक्रार असेल तिचेच टाळ तेवढे वाजत राहतात. ती ऐकून घेतल्याशिवाय पुढं जात नाहीत. ही पद्धत मला फार आवडली. घराघरांत लावायला हवी.

भंडीशेगावला पाऊस होता. रात्री तंबूत भजन चाललं होतं, निम्मे पेंगत होते. विणेकरी बुवा माझ्याकडं वळले. "जरा धरता? आलोच." मी उठलो, पाया पडलो, त्यांनी वीणा माझ्या गळ्यात घातली आणि ते छत्री घेऊन चिखलातून गेले. वीणा जड नसते. पण खाली ठेवायची नाही म्हटल्यावर ती जड होत जाते. पहिली पाच मिनिटं मी ताठ होतो. मग मानेला खाज सुटली. मग वाटलं, बुवा घसरून पडले तर? ते परतलेच नाहीत तर? समोर सगळे डोळे मिटून ज्ञानोबा-तुकाराम म्हणत होते, माझ्याकडं बघणारा एकही नव्हता. वीसेक मिनिटांनी बुवा आले. शेताच्या कडेला रांग होती म्हणाले. वीणा उतरल्यावर माझे खांदे आपोआप वर आले.

वहीची मी रोज मुक्कामाला दहा-बारा पानं वाचत होतो. वाचायला तसं काही नसायचंच. भिंत, खिडकी, आढं. क्वचित एखादी नोंद: ताप. पेज निम्मी. दादा हसला. वाखरीच्या तळावर, उद्या पंढरपूर म्हणून सगळे जागे असताना, मी २०१९ च्या दिवाळीच्या पानावर आलो. पाडव्याच्या रात्री अक्षर बदललं होतं. तिरकं, घाईचं. १० खिडकी. १२ आढं. २ भिंत. ४ खिडकी.

ते माझं होतं. मला ती रात्र आठवतही नव्हती. मी विजेरी धरून वही पुढं चाळली, मग पहिल्यापासून पुन्हा चाळली. सबंध वहीत माझं अक्षर तेवढंच. चार ओळी. भावाचं कुठंच नाही.

त्याखाली सकाळी ६ ची नोंद पुन्हा आत्याच्या गोल अक्षरात होती. आढं, असं लिहून तिनं शेजारी आणखी दोन शब्द लिहिले होते. झोप झाली.