स्प्लेंडरची खुर्जी: उजवी बाजू अखेर सुटली

स्प्लेंडरवर टांगलेल्या उजव्या बॅगेचं बूड सायलेन्सरला टेकून जळायचं, तो तिढा सुटला. लातूरहून औशामार्गे नळदुर्गपर्यंत बॅग ठासून भरून गेलो, किल्ल्याच्या पायथ्याशी गाडी स्टँडवर लावली आणि बोरी नदीकडे ढुंकूनही न बघता आधी बॅगेच्या बुडाला हात लावला. कोमट. जळका वास नाही, सायलेन्सरला चिकटलेला काळा थर नाही. पाणीमहाल नंतर पाहिला.

गाडी आपली तीच, ९७.२ सीसी, डावीकडे साडी गार्ड, उजवीकडे सायलेन्सर आणि सीटवरून आडवी टाकलेली जोड-बॅग. डाव्या बाजूने कधीच त्रास दिला नाही, कारण साडी गार्ड बॅगेला चाकापासून लांब धरतो. ज्यांनी गार्ड काढून भंगारात घातलाय त्यांना एकच सांगणं: मोटार वाहन नियम १२३ प्रमाणे मागचं चाक निम्मं तरी झाकणारं काहीतरी लागतंच, आणि कंपनीने फुकटात दिलेला अर्धा स्टे (बॅगेला चाकापासून लांब धरणारी सळई) काढून वर दोन हजारांचा नवा बसवण्यात काय शहाणपण आहे ते मला कळत नाही.

उजवीकडे मात्र बॅग खाली सायलेन्सरवर टेकायची आणि आत शॉकरवर झुकायची. बऱ्याच जणांनी सुचवलं की शॉकर वरच्या खाचेला घे, कडक कर, बॅग टेकणार नाही. स्प्लेंडरच्या शॉकरला पाच खाचा आहेत, त्या वजनाप्रमाणे बदलाव्यातही. पण या दुखण्यावर ते औषध नाही. सीट चासीवर, सायलेन्सरही चासीवर. खड्ड्यात गाडी दबली की दोघंही एकत्रच खाली जातात, त्यांच्यातलं अंतर तेवढंच राहतं. वर येतं ते चाक आणि स्विंगआर्म, म्हणजे चाक धरणारा हलता दांडा. म्हणजे शॉकर कडक केला तर टायर बॅगेपासून थोडा लांब राहील, सायलेन्सरच्या हिशेबात फरक शून्य.

खरं कारण बॅगेच्या पोटात होतं. रिकामी असताना बूड आणि सायलेन्सरमध्ये चार बोटं जागा. पाणी, टूलकिट, पंप भरला की पट्टे ताणतात, बुडाचं कापड लोंबतं, आणि चार बोटांचं एक बोट उरतं. औसा रोडवर उसाच्या ट्रॉल्यांच्या मागे हळू चालताना वारा लागत नाही, आणि खड्ड्यात बॅग हलली की तेही एक बोट संपतं. पॉलिस्टर वितळायला अडीचशे अंशांच्या पुढे जावं लागतं हे खरं, पण त्यावरचा कोटिंगचा थर त्याच्या कितीतरी आधी मऊ पडतो आणि पाणी आत यायला तिथूनच वाट मिळते.

डेनियरबद्दल थोडं, कारण दुकानदार हा आकडा तोंडावर फेकतात. नऊ हजार मीटर धाग्याचं वजन जितके ग्रॅम, तितके डेनियर. १६८० डेनियर म्हणजे धागा जाड, एवढंच. बॅग पाण्याला किती टिकेल, उष्णता किती सोसेल, यातलं काहीही तो आकडा सांगत नाही. माझी ऑनलाइन मागवलेली बॅग (नाव घेत नाही) याच १६८० वाली. पहिल्या उन्हाळ्यात शिवणीवरची टेप सुटली. लातूरच्या मे महिन्यात गाडी उन्हात उभी राहिली की गोंदाचं काय होतं हे बनवणाऱ्याने कधी पाहिलेलं नसावं.

उत्तर मिळालं ते दूधवाल्याच्या गाडीत. सकाळी औसा रोडवर उभे राहा, दर चार गाड्यांमागे एक दुधाची, दोन्ही बाजूंना मोठाल्या कॅन, आणि त्यातल्या निम्म्या गाड्या स्प्लेंडरच. कॅन सायलेन्सरला कधी टेकत नाही, चाकात जात नाही, आणि ही मंडळी आपल्यासारखी वर्षातून दोनदा नाही, रोज चालवतात. चहाच्या टपरीवर एका मामांची गाडी उभी होती, त्यांना विचारून खाली बसून नीट बघितली. त्यांच्या स्टँडचं वजन सीटवर येतच नाही. वरची पट्टी कॅरिअरवरून आडवी, तिथून एक पाय शॉकरच्या वरच्या बोल्टला आणि दुसरा पाय मागच्या फूटरेस्टच्या ब्रॅकेटला. त्रिकोण. आपण बाजारातून घेतो ते सॅडल स्टे दोन ठिकाणी बांधलेले असतात, दोन्ही जागा वर. खालचं टोक मोकळं. बॅग आत ढकलली की तेही आत जातं. फूटरेस्टचा तिसरा आधार नसेल तर तो स्टे नाही, शोभेची सळई आहे.

मग एमआयडीसीत एका फॅब्रिकेशनवाल्या मामांकडे गेलो. पुठ्ठ्याचा साचा गाडीवर लावून बघून कापून नेला होता. मामांनी साचा बघितला, गाडी बघितली आणि पहिला प्रश्न: "कॅन किती लिटरची?" कपडे आणि तंबू न्यायचाय म्हटल्यावर त्यांच्या चेहऱ्यावरचा आदर थोडा उतरला, पण काम एक नंबर केलं. दहा एमएमची सळई वाकवून चौकट, बोल्टच्या जागी तीन एमएमची पट्टी. पट्टी यापेक्षा जाड नको. शॉकरच्या स्टडवर ती चढली की डोम नटला आटे कमी पडतात, नट आवळल्यासारखा वाटतो पण बसलेला नसतो. मी डोम नट (टोपीसारखे बंद नट) काढून नायलॉक, म्हणजे आत नायलॉनची कडी असलेले, सैल न होणारे नट लावले. आणि गाडीवर वेल्डिंग करू देऊ नका, वेल्डिंगचा नुसता एक टाकासुद्धा नाही. २०२० नंतरच्या बीएस-६ गाडीला फ्युएल इंजेक्शन आणि ईसीयू (इंजिन चालवणारा छोटा कॉम्प्युटर) आहे, वेल्डिंगचा करंट त्यातून फिरवून बघायची हौस महागात पडेल. साचा घ्या, चौकट खाली उतरवून जोडा. सायलेन्सरचा स्वतःचा बोल्टही स्टेसाठी वापरू नका, तो तापतो आणि थरथरतो.

हीट शील्डचंही, म्हणजे सायलेन्सरची उष्णता अडवणाऱ्या पत्र्याचंही, इथेच मिटलं. पत्रा थेट बॅगेच्या बुडाला रिव्हेट मारून लावण्याचा सल्ला सगळीकडे मिळतो. तसा पत्रा तापतो आणि ती उष्णता बॅगेलाच देतो. अडवण्याचं काम करते ती मधली हवा. म्हणून ॲल्युमिनियमचा पत्रा बॅगेला नाही, चौकटीच्या खालच्या सळईला लावला, मध्ये स्पेसर घालून. पत्र्याच्या खाली बोटभर मोकळं, वर बोटभर मोकळं. दोन्हीकडून वारा खेळतो. नळदुर्गला बूड कोमट राहिलं ते याच्यामुळे.

साठच्या पुढे चौकट गुणगुणायला लागली होती. सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे कॅरिअर आणि पट्टीच्या मध्ये दाबले, आवाज बंद. या एवढ्याशा गोष्टीने मला चौकटीपेक्षा जास्त आनंद दिला हे कबूल करतो.

पाण्यासाठी रेन कव्हर मी सोडून दिलंय. आपल्याकडच्या काळ्या मातीच्या रस्त्यावर पावसात मागच्या चाकाने उडवलेला चिखल कव्हरच्या आत जाऊन बसतो आणि वाळला की खरवडून काढावा लागतो. त्याऐवजी आत खताच्या गोणीतलं प्लॅस्टिकचं अस्तर, स्वच्छ धुऊन, तोंड तीनदा गुंडाळून. लातूरच्या गंजगोलाई बाजारात ताडपत्री बघून ठेवलीय, सीट कव्हरवाले मामा शिवून द्यायला तयार आहेत. ताडपत्रीला मशीनची शिवण मारली की प्रत्येक टाका म्हणजे एक भोक, त्यामुळे तिचा उपयोग बाहेरच्या कवचापुरताच. पाणी अडवायचं काम अस्तराचं.

लेगगार्डच्या बॅगा घेऊ का, असं काहींनी विचारलं होतं. दिसतात झकास, वजनही पुढे येतं. पण आपलं इंजिन हवेवर थंड होतं आणि सिलेंडर जवळजवळ आडवा झोपलेला. त्याच्या पंखांसमोर दोन्ही बाजूंनी बॅगा टांगून बेचाळीस अंशांत चालवायची माझी तयारी नाही. वजन पुढे आणायचं तर टँक बॅग. टाकी लोखंडाची आहे, चुंबक छान धरतं. फक्त खाली मऊ कापड टाका, नाहीतर धूळ रंगावर रेघोट्या मारते.

आता योजना बदलली ती अशी. दोन्ही बाजूंना सारख्या बॅगा शिवून घ्यायचं ठरलं होतं. पण चौकटीचं माप घेताना दिसलं की पत्रा आणि मोकळी जागा सोडली तर उजवीकडे उंचीच कमी उरते. डावीकडे तसलं काही बंधन नाही. मग जोडीचा हट्ट कशाला? उजवीकडे आखूड बॅग, त्यात झोपायची पिशवी आणि कपडे, म्हणजे हलकं आणि फुगणारं. डावीकडे कडक डबा, त्यात स्टोव्ह, टूलकिट, पाणी. वजन एका बाजूला जाईल ही शंका रास्त आहे, त्यामुळे तंबूचे दांडे आणि खिळे उजवीकडे टाकून तराजू जुळवावा लागेल. काट्यावर दोन्ही मोजून मगच निघायचं.

कडक डबा विकत घेणार होतो. पण हे लिहिता लिहिता सुचलं, वीस लिटरचा चौकोनी प्लॅस्टिकचा कॅन, शेतात औषध फवारणीच्या पाण्याला वापरतात तसला, मात्र कोरा. औषधाचा वापरलेला कॅन कितीही धुतला तरी खाण्यापिण्याच्या सामानाला नको. एका बाजूने कापून झाकण केलं की झाला पॅनियर, म्हणजे गाडीच्या बाजूला टांगायचा डबा. पडला तरी फुटत नाही, वाकून परत सरळ होतो. दूधवाल्याची चौकट तर मुळात कॅनसाठीच आहे, मामांचा पहिला प्रश्नच बरोबर होता म्हणायचं. अडचण एकच: डबा आला की मागचा डावा इंडिकेटर झाकला जाणार. तो नंबर प्लेटच्या बाजूला सरकवायचा तर वायर वाढवावी लागेल आणि ब्रॅकेट नवं.

टेल बॅगचा, म्हणजे सीटच्या मागे कॅरिअरवर बांधायच्या बॅगेचा, विषय तूर्त बाजूला. सगळं जड सामान मागच्या ॲक्सलच्या मागे गेलं की हँडल हलकं होतं, ऐंशी सोडा, साठलाच गाडी भरकटल्यासारखी वाटते. कॅरिअरवर फक्त तंबूचं कापड आणि गादी, तेही बंजीने (हूकवाल्या रबरी दोरीने) नाही, कॅम बकलच्या, म्हणजे ओढून घट्ट होणाऱ्या बकलच्या पट्ट्याने. बंजी खड्ड्यात ताणते, आणि अहमदपूर-नांदेड-किनवट करत माहूरला जायचंय म्हटल्यावर खड्डे मोजायचे नसतात.

कॅनला बिजागरी कुणी लावलीय का? प्लॅस्टिकला स्क्रू धरत नाही, रिव्हेटच्या मागे वॉशर देऊन बघावं असं डोक्यात आहे. कुणाकडे याहून बरा उपाय असेल तर कापायच्या आधी सांगा.