याब्लोचकोव मेणबत्ती: सव्वा मिनिटावरून ११ मिनिटं!

मंडळी, मी घरी बनवलेली याब्लोचकोव मेणबत्ती (दोन कार्बनच्या कांड्या शेजारी उभ्या करून टोकांमधी विजेची सलग ठिणगी, म्हणजे आर्क, पेटवणारा जुना दिवा) काल रात्री अकरा मिनिटं जळली. मागच्या वेळी सव्वा मिनिटात मान टाकली होती, आठवत असंल.

दीड महिना मी प्लास्टर ऑफ पॅरिसलाच शिव्या घालत होतो. दोन कार्बनच्या मधली ३ मिमीची प्लास्टरची पट्टी जरा ओली राहिली की वाफेनं फाटकन उडायची, म्हणून जालन्याच्या उन्हात दोन दिवस गच्चीवर वाळवली, गणपतीवाल्याकडचं चांगलं प्लास्टर आणलं, गाउजिंग रॉडवरचं (वेल्डिंगवाल्यांच्या कार्बनच्या कांड्या, त्याच मी वापरतो) तांबं पॉलिश पेपरनं घासून घासून काढलं, तरी एक कार्बन भराभर खाली जायचा अन् दुसरा तसाच उभा, अंतर वाढलं की आर्क गुल.

मग गल्लीतले एक काका बघायला आलते, टुरिंग टॉकीजमधी ऑपरेटर होते. रॉड हातात घेऊन म्हणले, "दोन्ही सारखेच कामून घेतले रे? आमच्या मशीनमधी प्लसचा जाड असायचा, तो लवकर संपतो."

कपाळ धरलं. माझं इन्व्हर्टर वेल्डिंग मशीन डीसी, म्हणजे प्लस कायम एकाच कांडीला! ही मेणबत्ती काढणाऱ्या याब्लोचकोवनं १८७६ ला पॅरिसमधी पेटंट घेतलं, अन् हाच घोळ एसीनं सोडवला होता, एसीत प्लस-मायनस सारखं बदलत राहतं म्हणून दोन्ही कांड्या बरोबर झिजतात. हे मीच या मालिकेच्या दुसऱ्या भागात लिहिलंय, अन् मीच विसरलो.

आधी जुगाड केला, प्लसला ८ अन् मायनसला ६.५ मिमी. चार मिनिटं. जाडीचं क्षेत्रफळ दीडपटच भरतं, पाहिजे दुप्पट, कारण प्लसचा साधारण दुप्पट वेगानं जळतो. शेवटी ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवणाऱ्या दोस्ताचं तेलातलं जुनं ट्रान्सफॉर्मर वेल्डिंग मशीन आणलं, ते एसी देतं, उचलायला चौघं लागले. इन्व्हर्टर हलकं असतं ते ठीक, पण या कामाला हे धूडच पाहिजे. जांभळट पांढरा उजेड, बारीक गुणगुण, अन् दोन्ही कार्बन अगदी बरोबरीनं खाली यायले! (बघायला वेल्डिंगची काळी काच १२ नंबरचीच घ्या. मी एकदा नुसतं चोरून बघितलं तर रात्रभर डोळ्यात वाळू.)

अन् अकराव्या मिनिटाला लाइट गेली.

परत आली तर मेणबत्ती पेटंना, कारण आर्क सुरू करायला दोन्ही कार्बनची टोकं जोडणारा वरचा ग्राफाइटचा पूल पहिल्याच झटक्यात जळून जातो. मूळ मेणबत्तीतबी हीच खोड होती, एक दीडेक तास चालायची, म्हणून १८७८ ला पॅरिसच्या ऑपेरासमोरच्या रस्त्यावर एका गोळ्यात अशा बऱ्याच लावून एकामागं एक चालू करायचे. म्हणजे आता आधी बोरचा जुना चेंजओव्हर (लाइन इकडून तिकडं फिरवायचा स्विच) पडलाय तो खोलतो, दोन मेणबत्त्यांपुरता तरी चालंल.