ताई, सोडलंत की काय?

नाही, वजनं उचलणं सोडलेलं नाही. वय झालंय, पण त्याचा याच्याशी तुम्हाला वाटतो तेवढा संबंध नाही. कसलं ऑपरेशन झालेलं नाही. नवरा नको म्हणाला, असंही नाही. (हे मला खरंच विचारलं गेलंय, तेही दोनदा.) आठवड्याचे सहा दिवस आपल्या जिममध्ये वजनाच्या बारखाली दिसणारी बाई आता तीनच दिवस का येते आणि दर पाचव्या आठवड्याला निम्मे सेट (ठरलेल्या फेऱ्या) मारून घरी का जाते, एवढंच तुम्हाला हवंय. दोन वर्षं मी 'असंच' म्हणून वेळ मारून नेली. आता तुम्ही परत विचारलंत म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

आधी थोडा राग काढू द्या. सहा दिवस यायचे तेव्हा तुमच्यापैकी एकानेही 'का' विचारलं नाही. ताप अंगात असताना आले तेव्हा 'काय जिद्द आहे ताईंची' असं ऐकू आलं. ते ऐकून मला बरं वाटलं होतं, हेही सांगून टाकते.

स्नायू व्यायामात वाढत नाही, नंतर वाढतो, झोप हवी, टेंडनला (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीला) स्नायूपेक्षा जुळवून घ्यायला जास्त वेळ लागतो. हे तुम्हाला पाठ आहे. मलाही तेव्हा पाठ होतं. नव्याने येणाऱ्या मुलींना मीच सांगायचे, 'अंग दुखलं म्हणजे व्यायाम लागला असं नसतं गं, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दुखणं चढतं आणि ओसरतं.' आणि स्वतःचं अंग दुखलं नाही की दिवस फुकट गेला म्हणून रात्री चुळबुळत बसायचे. तेव्हा कृपा करून मला परत रिकव्हरीवरचे व्हिडिओ पाठवू नका. माझं घोडं अडलं ते माहितीपाशी नाही.

अडलं ते वहीपाशी. माझी वही तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिली आहे: तारीख, वजन, सेट, रेप (एका सेटमध्ये वजन किती वेळा उचललं), शेवटच्या रकान्यात सकाळची नाडी. त्या काळातली बेंच प्रेसची (बाकावर उताणं पडून छातीवरून बार वर ढकलण्याची) पानं आज उघडली की लाज वाटते. जिथे '5' लिहिलंय तिथे पाचवी रेप माझी नव्हती. मैत्रीण डोक्याशी उभी असायची, बार मध्येच थांबला की बोटं लावायची आणि म्हणायची, 'तूच उचललंस सगळं, मी नुसती बोटं लावली.' हे वाक्य प्रत्येक स्पॉटर म्हणतो आणि कुणालाच ते खरं वाटत नाही. मी मात्र पाच लिहायचे. पाच झाल्या म्हणून पुढच्या आठवड्यात अडीच किलो चढायचे. मग त्या वजनाला दोन रेप तिच्या. दहापैकी आठच्या कष्टाचा सेट म्हणजे आणखी दोन रेप अंगात शिल्लक, हे मी लोकांना समजावून सांगत असे. माझे स्वतःचे आठ हे बहुतेक साडेनऊ असत. वजन कागदावर चढत होतं आणि अंग मागे राहत होतं.

आता तो दिवस. तुम्हाला 'पाठ धरली होती ना तुमची' एवढंच माहीत आहे.

माझं ध्येय होतं 100 किलोचा स्क्वॉट (बार खांद्यांवर घेऊन खाली बसून उठायचं), एक रेप. 95 झाला होता. कार्यक्रमाप्रमाणे त्या दिवशी 80 ला पाचाचे तीन सेट होते, म्हणजे मधला दिवस, फार जड नाही. ताप उतरून चार दिवस झाले होते. ऑफिसात एक काम असं अडकलं होतं की महिनाभर रोज पाच तासांवर झोप नव्हती. माझी सकाळची नाडी एरवी 58 च्या आसपास असते. त्या दोन आठवड्यांत वहीत 66, 67, 64, 68 असे आकडे आहेत, माझ्याच अक्षरात, आणि पुढे लिहिलंय 'ऑफिस'. जणू ऑफिसची नाडी वेगळी आणि स्क्वॉटची वेगळी.

रिकामा बार, मग 40, मग 60. माझ्या 60 ची एक खूण आहे: नेहमीच्या वेगाने वर आले की अगदी वरच्या टोकाला प्लेटा (बारवरच्या वजनाच्या चकत्या) एकमेकींवर आपटून 'खण्ण' वाजतात. त्या दिवशी वाजल्या नाहीत. ते माझ्या लक्षात आलं होतं. कळलंच नाही अशी सबब मला नाही. मी बेल्ट एक भोक आणखी आवळला.

80 ची पहिली रेप झाली. दुसरी झाली. तिसरीला खाली गेले आणि खाली काहीच नव्हतं. दुखलं नाही, पाय थरथरले नाहीत. बटण दाबावं आणि दिवा लागू नये तसं झालं. बार सेफ्टीवर (रॅकच्या खालच्या आधारदांड्यांवर) टेकवला आणि गुडघ्यांवर रांगत बाहेर आले. शेजारच्या रॅकवरची दोन मुलं पाहत होती, मग सभ्यपणे आरशाकडे पाहायला लागली. तिथेच थांबले असते तर मला आज हे लिहावं लागलं नसतं. मी सगळ्या प्लेटा उतरवल्या, बार वर ठेवला, परत त्याच प्लेटा चढवल्या आणि घड्याळ लावून पाच मिनिटं बसले, कारण स्नायूतलं फॉस्फोक्रिएटिन, म्हणजे झटपट जोराचं इंधन, भरून यायला तीन ते पाच मिनिटं लागतात. विश्रांतीचं तेवढंच शास्त्र मी त्या दिवशी पाळलं.

दुसऱ्या खेपेला पहिली रेप आली. दुसरीला कंबर आधी उठली, छाती खालीच राहिली आणि डाव्या बाजूला, पट्ट्याच्या वर, कुणी तरी आतून मूठ आवळली. बार टाकला नाही, नीट रॅकवर ठेवला. वहीत लिहिलं: 80 × 2, 80 × 2. आणि मग, हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही, मी लेग प्रेस (यंत्रावर पायांनी वजन ढकलणं) मारला. तीन सेट.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोजा घालता येईना. पलंगाच्या कडेला बसून एक मोजा हातात धरून मी बराच वेळ रडले. दुखत होतं म्हणून नव्हे. सोमवारी डेडलिफ्ट (जमिनीवरून बार उचलणं) होती म्हणून. आधीची मी नेमकी कशी होते हे कुणाला समजून घ्यायचं असेल तर हे वाक्य पुन्हा वाचा.

डॉक्टर म्हणाले, नस दबलेली नाही, झोपून राहू नका, चालत राहा, भार काही दिवस नको. तीन आठवडे बारला हात लावला नाही. मग रिकामा 20 किलोचा बार, आणि पुढे थोडं थोडं. सगळं गेलं अशी माझी खात्री होती. नवव्या आठवड्यात 80 ला पाच रेप आल्या. वर आले तेव्हा प्लेटा वाजल्या. जे वजन रेटून येत नव्हतं ते न रेटता आलं.

इथवरची गोष्ट मी सगळ्यांना 'विश्रांतीचा चमत्कार' म्हणून ऐकवत आले. ती तितकी सरळ नाही. त्याच नऊ आठवड्यांत ऑफिसचं ते काम संपलं, झोप सात तासांवर आली, तापाचा अशक्तपणा गेला. कशामुळे काय झालं हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. मला ओव्हरट्रेनिंग (अति व्यायामाने अंग दीर्घकाळ खचणं) झालं होतं असंही मी म्हणत नाही. तो मोठा शब्द आहे. अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन आणि युरोपियन कॉलेज ऑफ स्पोर्ट सायन्स यांनी 2013 साली त्यावर एक संयुक्त निवेदन काढलं. त्याचा माझ्यापुरता अर्थ एवढाच की ते ओळखणारी खात्रीची एकच चाचणी नाही. आधी बाकीची कारणं बाद करायची आणि सावरायला किती वेळ लागला यावरून मागाहून ठरवायचं. मागाहून! बार पाठीवर असताना त्याचा काय उपयोग?

आणि ती आधीची मी अजून वाद घालते. ती म्हणते, 'रिकाम्या बारपासून 95 पर्यंत तुला कुणी आणलं? आज तीन दिवसांवर जे टिकवून आहेस ती माझी कमाई आहे.' यावर माझ्याकडे उत्तर नाही. मी तिला थॉमस डीलॉर्मचा दाखला देते. अमेरिकन सैन्यातले हे डॉक्टर, जखमी सैनिकांचे पाय वजनांनी परत ताकदीला आणणारे. 1945 मध्ये त्यांनी दहा रेपचे सात ते दहा सेट सुचवले होते. 1948 मध्ये सहकारी वॉटकिन्स यांच्यासोबत त्यांनीच ते तीन सेटवर आणले. आधीचं प्रमाण जास्त होतं असं स्वतः म्हणाले. बघ, मी म्हणते. ती म्हणते, 'पूर्ण वाच. पहिला सेट अर्ध्या वजनाचा, दुसरा पाऊण, पण तिसरा पूर्ण वजनाचा. तुझा तिसरा पूर्ण असतो का?'

नेहमी नसतो. माझे काही हलके आठवडे खरोखर गरजेचे होते आणि काहींत मला नुसता कंटाळा आला होता. आतून दोन्ही सारखंच वाटतं. तुम्ही मला प्रमाण विचारता, किती जोर आणि किती आराम, आणि ते ठरवणारी जी बाई आहे तिच्यावर माझा दोन्ही बाजूंनी विश्वास नाही. म्हणून वही, म्हणून नाडी, म्हणून मधे एक दिवस सोडून तीन दिवस, म्हणून पाचव्या आठवड्यात निम्मे सेट, मग मन काहीही म्हणो. आणि 60 ला प्लेटा वाजल्या नाहीत तर त्या दिवसाचं वजन दहा टक्के उतरवायचं.

100 झाला का, हा तुमचा पुढचा प्रश्न असणार. नाही. 97.5 एकदा.

परवा 60 ला प्लेटा वाजल्या नाहीत. मी बार ठेवला, पाणी प्यायले, परत खाली गेले आणि वर येताना शेवटी मुद्दाम एक उसळी मारली. वाजल्या. मग ठरल्याप्रमाणे 85 ला तीन मारल्या आणि त्या चांगल्या गेल्या. वहीत उसळीबद्दल काही लिहिलेलं नाही.